चेहऱ्याचा मसाज आणि सुरकुत्या : माहितीपुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

साताऱ्यातील आमच्या प्रशिक्षण केंद्रात ब्युटी पार्लरचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलींसाठी, आणि पुढे त्यांच्याकडे येणाऱ्या स्त्रियांनाही घरी नेता येईल अशी, चेहऱ्याच्या मसाजावरील एक छोटी माहितीपुस्तिका तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. भौतिकोपचार शिकवणारी म्हणून मजकुराची जबाबदारी माझ्याकडे आहे. त्वचेसंबंधीचा भाग एक त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर तपासून देणार आहेत, आणि हात कसा चालवावा हे केंद्रात अनेक वर्षे शिकवणाऱ्या ज्येष्ठ ब्युटिशियन ताई सांगणार आहेत.

वर्गात सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न एकच असतो : मसाजाने सुरकुत्या जातात का? पार्लरच्या खुर्चीवर बसलेली बाईही हेच विचारते. तिने त्यासाठी घरखर्चातून पैसे बाजूला काढलेले असतात, त्यामुळे उत्तर देणाऱ्या मुलीजवळ जाहिरातीतल्या वाक्यापेक्षा अधिक काही असले पाहिजे, असे मला फार वाटते. कोणत्या सुरकुतीवर मसाजाचा परिणाम होतो, तो किती काळ टिकतो आणि कोणत्या चेहऱ्याला हातच लावू नये, एवढे या पुस्तिकेने नेमके सांगितले तरी ती उपयोगी ठरेल.

९ जानेवारी २०२५

आज स्नायूंचा भाग लिहिला. शरीरातील बहुतेक स्नायू हाडापासून निघून हाडालाच जोडलेले असतात, परंतु चेहऱ्यावरील हावभावांचे स्नायू दुसऱ्या टोकाला थेट त्वचेत शिरतात. त्यामुळे ते आकसले की सांधा हलत नाही, त्वचा ओढली जाते आणि तिला घडी पडते. आणि ही घडी स्नायूच्या तंतूंना साधारणपणे काटकोनात असते. कपाळाचा स्नायू उभा आहे, म्हणून कपाळावरच्या आठ्या आडव्या. भुवया जवळ आणणारा स्नायू बराचसा आडवा आहे, म्हणून दोन भुवयांच्या मधल्या रेषा उभ्या. डोळ्याभोवतीचा आणि ओठांभोवतीचा स्नायू गोलाकार आहे, म्हणून तेथील रेषा कडेपासून बाहेर फाकत जातात. हे एकदा आकृतीत दाखवले की चेहऱ्यावरची जवळजवळ प्रत्येक रेषा कोणत्या स्नायूची आहे ते मुलींना स्वतःच ओळखता येते.

काही मुलींच्या वहीत लँगर रेषांची आकृती आढळली. व्हिएन्नातील शरीरशास्त्रज्ञ कार्ल लँगर यांनी १८६१ च्या सुमारास मृतदेहांच्या त्वचेला गोल छिद्रे पाडून पाहिली. ती छिद्रे लांबट होत होती, आणि त्यांच्या लांबीवरून त्वचेतील ताणाची दिशा त्यांनी नकाशासारखी मांडली. शस्त्रक्रियेच्या छेदाचा विचार करताना हा नकाशा उपयोगी पडला. चेहऱ्यावर मात्र या रेषा आणि प्रत्यक्ष सुरकुत्या सर्व ठिकाणी जुळत नाहीत, म्हणून पुस्तिकेत स्नायूंची आकृती ठेवायची आणि लँगर रेषांची वगळायची असे ठरवले.

याच पानावर सुरकुत्यांचे दोन प्रकार सांगणे आवश्यक आहे. हसताना किंवा कपाळ वर चढवताना दिसणारी आणि चेहरा सैल सोडताच नाहीशी होणारी ती हालचालीची सुरकुती; चेहरा पूर्ण स्थिर असतानाही दिसणारी ती मुरलेली सुरकुती. कपाटात वर्षानुवर्षे त्याच घडीत ठेवलेल्या लुगड्यावर जशी घडीची रेघ कायमची बसते, तशी पहिलीची दुसरी होते. हालचालीच्या सुरकुतीत स्नायूचा वाटा किती मोठा आहे, हे स्नायू ढिला पाडणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनच्या (बोटॉक्सच्या) इंजेक्शनाने सिद्ध झाले. कॅनडातील व्हँकुव्हरच्या जीन आणि अॅलिस्टर कॅरुथर्स या डॉक्टर दांपत्याने १९९२ मध्ये त्याविषयीचा लेख प्रसिद्ध केला, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भुवयांमधल्या रेषांसाठी या इंजेक्शनाला मान्यता दिली. औषधाने स्नायू तीन-चार महिने ढिला पडतो आणि तेवढा काळ रेषा मंद दिसते. मसाजाने स्नायू असा बंद पडत नाही. ताणलेला स्नायू थोडा वेळ सैल होतो, एवढेच हातांना साधते, आणि पुढचे सारे लेखन या मर्यादेला धरूनच करावे लागेल.

१३ जानेवारी २०२५

डॉक्टर मॅडमबरोबर त्वचेच्या पानावर काम केले. मुरलेली सुरकुती अंतस्त्वचेत, म्हणजे त्वचेच्या आतल्या थरात असते. तेथील कोलॅजेनच्या तंतूंनी त्वचेला बळकटी येते आणि इलॅस्टिनच्या तंतूंनी ती ताणली तरी पुन्हा जागेवर येते. प्रौढ वयात कोलॅजेन दर वर्षी सुमारे १ टक्क्याने घटते, आणि रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते असे आढळले आहे. पाळी गेल्यावर चेहरा एकदम उतरला, असे अनेक स्त्रिया सांगतात. त्यांच्या या अनुभवामागे शरीरातला खरा बदल आहे, आणि तो त्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवा. झोप नाही किंवा काळजी फार, असे म्हणून त्यांनी स्वतःलाच दोष देत राहू नये.

वयापेक्षाही मोठे कारण म्हणजे ऊन. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका अमेरिकी ट्रकचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. त्याने २८ वर्षे मालवाहू गाडी चालवली. खिडकीकडच्या डाव्या गालावर खोल सुरकुत्या आणि जाड त्वचा, तर उजवा गाल त्या मानाने कितीतरी तरुण. वय एकच, चेहरा एकच, फरक केवळ काचेतून येणाऱ्या अतिनील किरणांचा, कारण त्यांतील लांब लहरींचे किरण खिडकीच्या साध्या काचेतून आत येतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे आपल्या चालकांच्या बाबतीत उजवा गाल पाहायला हवा. हे छायाचित्र वर्गात दाखवले तेव्हा मुलींनी आपापल्या घरच्या माणसांच्या चेहऱ्यांची उदाहरणे द्यायला सुरुवात केली.

ऊन टाळल्याने फरक पडतो याचाही चांगला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातील नांबूर या गावी ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे अभ्यास झाला, आणि रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेच्या वार्धक्याची खूण मनास येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळली. मसाजाच्या बाजूने इतका भक्कम पुरावा नाही. म्हणून पुस्तिकेत उन्हाचे पान मसाजाच्या पानाच्या आधी येईल.

आमच्या जिल्ह्यात महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरात स्ट्रॉबेरीच्या शेतांवर खूप स्त्रिया दिवसभर वाकून काम करतात. हवा गार असल्याने ऊन लागत नाही असे वाटते, पण उंची सुमारे १,३०० मीटर आहे, आणि दर १,००० मीटर उंचीला अतिनील किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते. या स्त्रियांना महागड्या ट्यूबा सांगून उपयोग नाही. रुंद काठाची टोपी, तिच्याखाली कानापर्यंत घेतलेला सुती रुमाल आणि दुपारच्या कामाच्या वेळेत शक्य तेवढा बदल, हे आधी लिहायचे आणि सनस्क्रीन त्यानंतर.

१७ जानेवारी २०२५

चेहऱ्याच्या मसाजावर आणि व्यायामावर झालेले अभ्यास आज एकत्र वाचले. वर्तमानपत्रांतून सर्वांत अधिक गाजलेला अभ्यास शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा, २०१८ मधला. तो मसाजाचा नसून चेहऱ्याच्या व्यायामाचा आहे, पण दोन्ही गोष्टी सर्रास एकच मानल्या जातात. ४० ते ६५ वयाच्या स्त्रियांनी आठ आठवडे रोज अर्धा तास आणि पुढे विसाव्या आठवड्यापर्यंत एक दिवसाआड व्यायाम केला. छायाचित्रे पाहून तज्ज्ञांनी केलेला वयाचा सरासरी अंदाज ५०.८ वरून ४८.१ वर आला. मात्र २७ स्त्रियांनी सुरुवात केली आणि १६ जणींनी शेवट गाठला, तुलनेसाठी व्यायाम न करणारा दुसरा गट नव्हता, आणि सुधारणा नोंदली गेली ती गालांच्या भरीवपणात. कपाळावरच्या आठ्या गेल्या असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

जपानमधील २०१८ च्याच एका अभ्यासात गालावर पाच मिनिटे रोलर फिरवल्यावर तेथील त्वचेतील रक्तप्रवाह निदान दहा मिनिटे वाढलेला राहिला. मसाजानंतर येणारा तजेला खरा असतो आणि तो मोजताही येतो, हे यावरून दिसते. २०१७ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या एका कंपनीच्या संशोधकांनी कंप देणाऱ्या यंत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रयोगशाळेत जिवंत ठेवलेल्या त्वचेच्या तुकड्यांमध्ये काही प्रथिने वाढली, आणि स्त्रियांच्या चेहऱ्यावर क्रीमसोबत यंत्र वापरल्यावर नुसत्या क्रीमपेक्षा अधिक सुधारणा दिसली. विषय पुढे नेणारा हा अभ्यास आहे, पण यंत्र विकणाऱ्यानेच तो केला आहे आणि बोटांच्या मसाजाला त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.

२२ जानेवारी २०२५

मुखपृष्ठावर “आयुर्वेदात सांगितलेला मसाज” असे छापावे, अशी ब्युटिशियन ताईंची सूचना होती. ग्रंथात काय आहे ते आधी पाहू, असे ठरवून आज वाग्भटाच्या अष्टांगहृदयाचे सूत्रस्थान काढले. दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग (अंगाला तेल चोळणे) करावा, तो जरा म्हणजे म्हातारपण, श्रम आणि वात यांना दूर करतो आणि त्वचा चांगली ठेवतो, असे स्पष्ट म्हटले आहे. मात्र विशेष लक्ष द्यायच्या जागा सांगताना डोके, कान आणि पाय एवढ्यांचीच नावे आहेत. चेहऱ्यासाठी त्याच स्थानात पुढे मुखलेपाचा विधी येतो, आणि तो वाचून आम्हा दोघींनाही फार आनंद झाला. लेप चेहऱ्यावर वाळू देऊ नये, कारण वाळलेला लेप कांती बिघडवतो. तो ओला करून काढावा आणि त्यानंतर अभ्यंग करावा, असा त्या वचनाचा आशय आहे.

पार्लरमध्ये क्रम याच्या उलट असतो. मसाज आधी, पॅक नंतर, आणि पॅक कडक वाळून तडे जाईपर्यंत ठेवून मग ओल्या स्पंजने घासून काढायचा. मुलतानी माती पूर्ण वाळली की त्वचेतला ओलावा ओढून घेते आणि कोरड्या त्वचेवर बारीक रेषा अधिक उठून दिसतात, हे डॉक्टर मॅडमनीही सांगितले. तेव्हा मुखपृष्ठावर आयुर्वेदाचे नाव येणार नाही. पण पॅक अर्धवट ओला असतानाच पाण्याचा हात लावून सैल करावा, अलगद काढावा आणि शेवटी तेलाचा किंवा क्रीमचा हलका हात फिरवावा, ही सूचना आतल्या पानावर ग्रंथाच्या उल्लेखासह येईल. ताईंनी लगेच दुपारच्या वर्गात तसे करून दाखवले.

२८ जानेवारी २०२५

आमच्यापुरते आम्ही काय पाहू शकतो याची आखणी केली. केंद्रात येणाऱ्या काही स्त्रिया स्वतःहून तयार झाल्या आहेत. त्या घरी रोज मसाज करतील आणि ठरावीक अंतराने छायाचित्रांसाठी येतील. याला संशोधन म्हणता येणार नाही, पण पुस्तिकेतील प्रत्येक वाक्य कोणाच्या तरी चेहऱ्यावर पडताळून पाहिलेले असेल.

छायाचित्रांबाबत मी अतिशय काटेकोर राहणार आहे, कारण आधी आणि नंतर अशा जोडचित्रांमधली निम्मी जादू दिव्याची असते. वरून किंवा बाजूने उजेड पडला की प्रत्येक रेषेत सावली भरते. समोरून मऊ उजेड दिला की तीच रेषा पुसट होते. मसाजानंतर चेहऱ्यावर तेलाचा पातळ थर असतो, तो बारीक खाचा भरतो आणि उजेड वेगळ्या रीतीने परावर्तित करतो. त्यातच त्वचेला किंचित सूज आलेली असते, तिनेही रेषा काही वेळ भरून निघतात. म्हणून नियम असे ठरवले : उत्तरेकडच्या खिडकीचा उजेड, तीच वेळ, तेच अंतर, तीच खुर्ची, चेहरा धुऊन कोरडा केलेला, कुंकू-टिकली काढलेली, ओठ मिटलेले पण दात एकमेकांना न टेकलेले. मसाज झाल्या झाल्या एक छायाचित्र आणि दुसऱ्या दिवशी मसाजाआधी एक, असे दोन्ही घ्यायचे आणि त्यांची सरमिसळ कधीही करायची नाही.

४ फेब्रुवारी २०२५

पहिला वर्ग झाला. मसाजाचा क्रम मानेपासून सुरू केला, याचे अनेकींना आश्चर्य वाटले. चेहऱ्यातील लसीका (पेशींभोवती साठणारा पातळ द्रव) कानापुढच्या, जबड्याखालच्या आणि मानेच्या ग्रंथींमधून खाली उतरते आणि अखेरीस गळ्याच्या बुडाशी, कॉलर बोनच्या मागे रक्तात मिसळते. खालची वाट आधी मोकळी केली तर वरून येणाऱ्या द्रवाला जागा मिळते. एमिल आणि एस्ट्रिड वोडर या डॅनिश दांपत्याने १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये जी लसीका-मसाजाची पद्धत बसवली, तिचेही मुख्य सूत्र अतिशय हलका हात आणि मानेपासून आरंभ हेच आहे. सकाळी डोळ्यांखाली आणि गालांवर जी सूज दिसते ती या हाताने खरोखर कमी होते. आजच्या वर्गातही ते दिसले.

मानेवर मात्र एक सक्त सूचना. गळ्याच्या दोन्ही बाजूंना जेथे नाडीचे ठोके लागतात तेथे दाब द्यायचा नाही, आणि दोन्ही बाजूंवर एकाच वेळी तर कधीच नाही. तेथील धमनीवर दाब आला तर हृदयाची गती मंदावून चक्कर येऊ शकते, आणि वयस्कर व्यक्तीमध्ये याहून गंभीर अपायही संभवतो.

१० फेब्रुवारी २०२५

हाताचा दाब शब्दांत सांगणे कठीण जाते. “हलका” म्हटले की प्रत्येकीचा हलका वेगळा निघतो. शेतात आणि घरात राबणाऱ्या हातांना आपल्या बोटांत किती बळ आहे याची कल्पनाच नसते. आज स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा वर्गात आणला आणि प्रत्येकीला आधी डोळ्यांखाली लावते तेवढा आणि मग जबड्यावर लावते तेवढा दाब काट्यावर देऊन पाहायला सांगितले. आकडा पाठ करून घेण्याचा हेतू नव्हता. दोन दाबांत अंतर किती असले पाहिजे ते बोटांना कळावे एवढाच होता. डोळ्याभोवती अनामिका वापरायची, कारण तिच्यात बळ कमी असते, आणि बोट त्वचेवरून घसरले पाहिजे, त्वचा बोटाबरोबर ओढली जाता कामा नये. जबड्यावर मात्र बोटे त्वचेला चिकटलेली ठेवून खालचा स्नायू फिरवायचा असतो, तेथे दाब लागतोच.

१८ फेब्रुवारी २०२५

आजची नोंद या सर्व कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते. छायाचित्रांसाठी येणाऱ्या एका काकूंच्या दोन्ही गालांच्या हाडांवर वांग आहे. तो पूर्वीपासून होता. मात्र गेल्या वर्षभरात एका पार्लरमध्ये सुरकुत्यांसाठी म्हणून जोरात घासून मसाज आणि त्यावर स्क्रब असे करून घेतल्यापासून तो गडद झाला, असे त्यांनी सांगितले. डॉक्टर मॅडमनी त्यांना तपासून मसाज पूर्ण थांबवायला सांगितला.

आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशी घर्षणाला आणि दाहाला चटकन प्रतिसाद देतात. गोऱ्या युरोपीय त्वचेवर जो लालसरपणा तासाभरात जातो, त्याची आपल्याकडे काळसर खूण महिनोन्महिने राहू शकते. पाठीवर आणि दंडांवर घासणीने वर्षानुवर्षे घासल्याने पडणारे काळे पट्टे त्वचारोगतज्ज्ञांना नेहमी पाहायला मिळतात, तेच चेहऱ्यावर होण्याची भीती आहे. परदेशी चित्रफितींत दगडी पट्टीने गाल लाल होईपर्यंत घासून दाखवतात आणि मुली ते पाहून शिकतात. तो लालपणा आपल्याकडे यशाची खूण मानणे धोक्याचे आहे. सुरकुती थोडी कमी दिसावी म्हणून आलेल्या बाईच्या चेहऱ्यावर कायमचा डाग उमटला, तर ते नुकसान भरून काढणे फार अवघड असते. मसाज कोणी करू नये याची यादी म्हणून आता मागच्या पानावर न जाता मसाजाच्या कृतीच्या आधीच छापली जाईल : गडद होत जाणारा वांग, पुवाळलेले मुरूम, तोंडावर उठलेली नागीण किंवा ओठावर उठलेले जराचे फोड, उन्हाने भाजलेली त्वचा, नुकतेच झालेले डोळ्याचे ऑपरेशन, चेहऱ्यात नुकतेच घेतलेले इंजेक्शन किंवा फिलर, चेहऱ्यात विजेसारखी सणक येण्याचा आजार. पन्नाशीनंतर कानशिलाशी नव्यानेच डोके दुखू लागले असेल आणि केस विंचरतानाही तेथे दुखत असेल, तर मसाज न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण कानशिलाच्या धमनीला सूज येण्याच्या आजारात दृष्टी जाण्याचा संभव असतो.

२४ फेब्रुवारी २०२५

तेलाविषयी थोडक्यात. खोबरेल तेलाने मुरूम येणाऱ्या चेहऱ्यावर रंध्रे बुजतात. मोहरीचे तेल चेहऱ्याला झोंबते. लिंबाचा रस तेलात मिसळून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळी पडते. बदामाचे किंवा तिळाचे शुद्ध तेल, किंवा सुगंध नसलेले साधे क्रीम पुरेसे आहे. नवे काहीही लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी.

५ मार्च २०२५

निवृत्त शिक्षिका असलेल्या एका बाईंच्या भुवयांमधल्या उभ्या रेषा मसाजानंतर मंद होतात आणि तासाभरात परत येतात, असे त्या सांगत होत्या. आज त्यांना वर्तमानपत्र वाचायला देऊन समोर बसून पाहिले. चष्मा नाकावर असूनही त्या प्रत्येक ओळीला कपाळ आवळत होत्या. नेत्रतज्ज्ञांकडे तपासणी केल्यावर जवळचा नंबर वाढलेला निघाला. दिवसातून कितीतरी तास आकसणाऱ्या स्नायूला संध्याकाळी पाच मिनिटे सैल करून काय साधणार? अशा ठिकाणी मसाजाआधी चष्मा, उन्हात डोळे बारीक करणाऱ्यांना गडद काचांचा चष्मा, आणि मोबाइलवरची अक्षरे मोठी करणे, हे उपाय रेषेच्या मुळाशी पोहोचतात.

याउलट एसटीत वाहक असलेल्या एका ताईंना जबड्याच्या मसाजाचा चांगला उपयोग झाला. ताणाखाली दात आवळण्याची त्यांना सवय आहे. कानापुढे बोट ठेवून दात आवळले की जो स्नायू टणक लागतो, त्यावर गोलाकार हळूहळू दाब दिल्याने त्यांची कानशिलांची ठणक कमी झाली आणि तोंडाच्या कोपऱ्यांचा ओढलेपणा सैलावला. त्यांच्या बाबतीत रेषा फिकट झाली असे मी म्हणणार नाही, पण चेहऱ्यावरचा थकवा उतरला हे त्यांच्या घरच्यांच्याही लक्षात आले. हे पुस्तिकेत संकोच न करता लिहायचे.

२० मार्च २०२५

काल रंगपंचमी झाली. रंगांमुळे अनेकींच्या चेहऱ्यांची आग होत असल्याने मसाज आणि छायाचित्रे दोन्ही पुढे ढकलली. रंग काढण्यासाठी घासू नये, आधी तेल लावून तो सैल करावा आणि पुढचे काही दिवस चेहऱ्याला नुसते क्रीम लावावे, एवढी सूचना सर्वांना दिली.

२७ मार्च २०२५

छायाचित्रांची तुलना केली. नावे आणि तारखा झाकून, चित्रे पिसून, डॉक्टर मॅडमना आणि या कामात नसलेल्या वरच्या वर्गातील मुलींना आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते ते ओळखायला सांगितले.

मसाज झाल्या झाल्या घेतलेली चित्रे बहुतेकांनी सहज ओळखली : गालांवर तजेला, डोळ्यांखालची सूज उतरलेली, बारीक रेषा पुसट. दुसऱ्या दिवशीच्या चित्रांबाबत मात्र एकमत होईना. पहिल्या दिवशीचे आणि अखेरचे चित्र शेजारी ठेवल्यावर कपाळावरच्या मुरलेल्या आठ्यांमध्ये कोणालाही फरक सांगता आला नाही. काही चेहऱ्यांवर त्वचा मऊ आणि कमी कोरडी दिसली, पण त्यातला वाटा रोज लागणाऱ्या तेलाचा किती आणि बोटांचा किती हे वेगळे काढता येत नाही, आणि तसे स्पष्ट लिहिणे आमचे कर्तव्य आहे. ज्यांना सकाळी सूज येते किंवा ज्यांचा जबडा ताणलेला असतो, त्यांच्या चेहऱ्यात झालेला बदल मात्र झाकलेल्या नावांमधूनही पुन्हा पुन्हा ओळखला गेला.

स्त्रियांना हे निष्कर्ष सांगितले तेव्हा कोणीही नाराज झाले नाही. दिवसभरात स्वतःच्या वाट्याला शांतपणे आलेली तेवढीच पाच मिनिटे असतात, ती आम्ही सोडणार नाही, असे अनेकींनी सांगितले. मला हे मसाजाचे पूर्ण वाजवी कारण वाटते आणि त्याला सुरकुत्यांच्या आश्वासनाची जोड देण्याची काही गरज नाही.

४ एप्रिल २०२५

मथळ्यावरून आज बराच वेळ चर्चा झाली. “सुरकुत्या घालवा” असे लिहिल्याशिवाय पुस्तिका कोणी हातात घेणार नाही आणि मुलींच्या धंद्यालाही मदत होणार नाही, असे ब्युटिशियन ताईंचे म्हणणे. त्यांची काळजी खरी आहे. या मुलींना पार्लर चालवून घर चालवायचे आहे. डॉक्टर मॅडमचे म्हणणे असे की ज्या बाईला पहिल्याच दिवशी खरे सांगितले ती पुन्हा येते, आणि जिला दहा वर्षांनी तरुण करण्याचे वचन दिले ती चौथ्या फेशियलनंतर दुसरे पार्लर शोधते. शेवटी ताईंनीच शब्द सुचवले आणि ते सर्वांना पटले : “चेहऱ्याचा मसाज : काय मिळते, किती टिकते, कोणी करू नये”. आतल्या मुख्य वाक्याचा मसुदा असा : मसाजाने चेहऱ्याचा ताण आणि सूज कमी होते, त्वचा काही तास तजेलदार दिसते आणि बारीक रेषा तेवढा वेळ मंद होतात, मुरलेल्या सुरकुत्या मसाजाने जात नाहीत, आणि त्यांसाठी उन्हापासून संरक्षण तसेच त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला हा मार्ग आहे.

९ एप्रिल २०२५

कृतीचे पान अंतिम केले. हात धुतलेले, नखे कापलेली, अंगठ्या आणि बांगड्या काढलेल्या. चेहरा कोमट पाण्याने धुऊन तेलाचे चार-पाच थेंब तळहातांवर पसरावेत. कानामागून मानेच्या कडेने खांद्याकडे हलका हात. मग हनुवटीपासून जबड्याच्या कडेने कानापर्यंत. नाकाच्या कडेपासून गालावरून कानाकडे. डोळ्यांखाली अनामिकेने आतून बाहेर, केवळ स्पर्शाएवढा दाब. भुवयांच्या मधून वर आणि बाजूला कानशिलापर्यंत. कपाळावर आठ्यांना आडवा, म्हणजे भुवयांपासून केसांकडे. जबड्याच्या स्नायूवर गोलाकार दाब सर्वांत शेवटी, तोंड किंचित उघडे ठेवून. सारे मिळून पाच-सात मिनिटे. मसाजानंतर त्वचा गरम किंवा लाल राहिली तर पुढच्या वेळी दाब निम्मा करावा. डाग गडद होत असल्याचे दिसले तर थांबावे.

चित्रकार मुलीने काढलेल्या आकृतीत गालावरचे बाण खालून वर टोकदार आणि जाड आले आहेत. त्यांवरून जोर लावायचा आहे असा समज होईल, म्हणून डोळ्याभोवतीचे बाण तुटक बारीक रेषेने आणि केवळ जबड्यावरचे जाड रेषेने काढायला सांगितले आहेत. दुरुस्त आकृती आली की मजकूर छपाईला जाईल. काकूंचा वांग आता पहिल्यापेक्षा फिकट आहे आणि त्यांनी स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहून दिल्या आहेत. त्या नावाशिवाय, मसाज कोणी करू नये या पानावर छापायच्या आहेत.